द्राक्षांच्या गावातून, गांजाविषयी

नाताळच्या मध्यरात्रीची चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही नाशिकरोडच्या थंडीत स्कूटरवरून घरी निघालो होतो. टोरांटोला शिकणारा माझा भाचा मागे बसला होता. रस्ता रिकामा होता आणि त्याने बहुधा मुद्दामच ही वेळ निवडली असावी, कारण स्कूटर चालवणाऱ्याला मागे वळून कोणाच्या चेहऱ्याकडे पाहता येत नाही. तो म्हणाला, "मामा, रागावणार नसाल तर एक विचारतो. तिकडे गांजा दुकानात मिळतो. वयाचा पुरावा दाखवावा लागतो, कर भरावा लागतो, पावती मिळते. शुक्रवारी रात्री आमच्या रूमवर सगळे ओढतात. मी कॅथोलिक आहे म्हणून ते माझ्यासाठी पाप आहे का? आणि असेल, तर नेमके कशाने?"

मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो आहे आणि गेली वीस वर्षे आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या परिसरात, दर रविवारी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. त्यामुळे असल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या खिशात तयार असले पाहिजे, अशी नातेवाइकांची समजूत असते. ते तयार नव्हते. घरी पोहोचेपर्यंत मी दोन-तीन उत्तरे मनातल्या मनात देऊन पाहिली आणि त्यांपैकी एकही तग धरेना.

पहिले उत्तर कायद्याचे. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा बाळगणे आणि ओढणे हा गुन्हा आहे आणि नाशिकमधील कॅथोलिक माणसासाठी हे कारण हलके नाही, कारण न्याय्य कायदा पाळणे हे ख्रिस्ती माणसाचे नैतिक कर्तव्यच आहे. पण कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून करमणुकीसाठीचा गांजा कायदेशीर केला आहे, तेव्हा हे कारण विमानातून उतरताच संपते. शिवाय आपला कायदा स्वतःच एक विचित्र रेघ ओढतो. झाडाचे फुलोऱ्याचे वा फळांचे शेंडे म्हणजे गांजा आणि त्याचा डिंक म्हणजे चरस, हे दोन्ही या कायद्यात येतात. परंतु शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत, आणि म्हणूनच महाशिवरात्रीच्या भांगेचा विचार वेगळ्या नियमांखाली होतो. एकाच झाडाचा शेंडा गुन्हा आणि पान गुन्हा नाही, ही प्रशासनाची सोय झाली. त्यावरून पाप-पुण्याचा निवाडा करता येणार नाही. उलट बाजूनेही तेच खरे आहे. एखादी गोष्ट कायद्याने चालते म्हणून ती नीतीने चालते, असे ख्रिस्तसभेने, म्हणजे चर्चने, कधी मानलेले नाही. गर्भपाताचा कायदा आपल्या देशात १९७१ पासून आहे. त्याने त्याविषयीची शिकवण तसूभरही हललेली नाही.

दुसरे उत्तर भीतीचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकरोडजवळच्या शिंदे गावच्या परिसरात एमडी (मेफेड्रोन) या रासायनिक नशेचा कारखाना मुंबई पोलिसांनी उघडकीस आणला, तेव्हा आमच्या वर्गातील पालक हादरून गेले होते आणि गांजा, एमडी, व्हाइटनर, खोकल्याचे औषध असे सारे एकाच गाठोड्यात बांधून मुलांसमोर आदळू लागले. त्यांची काळजी मला कळते. पण ज्या मुलाने मित्रांना गांजा ओढून दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना पाहिले आहे, त्याला "एक झुरका घेतलास की संपलास" असे सांगितले तर तो एमडीविषयीच्या आपल्या खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवत नाही. धर्मशिक्षकाने अतिशयोक्ती केली की मुले आधी त्याच्या माहितीवर आणि मग त्याच्या श्रद्धेवर शंका घेतात. हे मी स्वतःच्या चुकांतून शिकलो आहे.

मग दुसऱ्या दिवशी जेवणानंतर आम्ही दोघे धर्मशिक्षणग्रंथ घेऊन बसलो. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसृत केलेल्या, कॅथोलिक शिकवणीच्या या अधिकृत ग्रंथात "खून करू नको" या पाचव्या आज्ञेच्या विवेचनात, आरोग्याचा मान राखण्याविषयी लिहिताना, २२९० आणि २२९१ हे दोन परिच्छेद लागोपाठ येतात. पहिल्यात संयमाच्या सद्गुणाविषयी सांगितले आहे: अन्न, मद्य, तंबाखू आणि औषधे यांचा अतिरेक टाळावा, आणि जो दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हव्यासापायी रस्त्यावर इतरांचा जीव धोक्यात घालतो, त्याच्यावर गंभीर दोष येतो. दुसऱ्यात अमली पदार्थांविषयी सांगितले आहे: त्यांच्या वापराने मानवी आरोग्याची आणि जीवनाची अत्यंत गंभीर हानी होते, काटेकोर उपचाराचे कारण वगळता त्यांचा वापर हा गंभीर अपराध आहे, आणि त्यांचे चोरटे उत्पादन व व्यापार म्हणजे दुष्कृत्याला थेट हातभार आहे.

भाचा इंजिनिअरिंगचा असला तरी त्याची नजर वकिलाची आहे. त्याने लगेच दोन गोष्टींवर बोट ठेवले. एक, गांजाचे नाव इथे नाही. दोन, मद्याच्या बाबतीत अतिरेक वर्ज्य आहे, अमली पदार्थांच्या बाबतीत मात्र वापरच वर्ज्य आहे. हा भेद कोणत्या आधारावर केला? पहिल्या मुद्द्याचे उत्तर सोपे होते. जून २०१४ मध्ये रोममध्ये अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतील प्रतिनिधींसमोर बोलताना पोप फ्रान्सिस यांनी, ज्यांना सौम्य म्हटले जाते त्या अमली पदार्थांना करमणुकीसाठी कायदेशीर मान्यता देण्यालाही स्पष्ट विरोध केला होता आणि सर्व प्रकारच्या अमली पदार्थांना नकार दिला होता. पोपमहोदयांचे भाषण म्हणजे श्रद्धेचा सिद्धांत नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण ग्रंथातील शब्दाचा अर्थ ख्रिस्तसभा कसा लावते, हे त्यातून पुरेसे कळते.

दुसरा मुद्दा मात्र खरा होता, आणि नाशिकमध्ये बसून तर तो अधिकच टोचतो. आपण द्राक्षांच्या गावात राहतो. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे गेले की बागांमागून बागा लागतात, आणि गंगापूर धरणाच्या बाजूला सुटीच्या दिवशी वाइन चाखायला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. आमच्या वेदीवर तर द्राक्षारसावाचून मिस्साच होऊ शकत नाही. तो द्राक्षफळापासून बनलेला नैसर्गिक रस असावा आणि बिघडलेला नसावा, असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो. काना गावच्या लग्नात येशूने दगडी रांजणांतील पाण्याचा द्राक्षारस केला. ते रांजण सहा होते आणि एकेकात दोन-दोन, तीन-तीन मण पाणी मावत होते, असे योहान आपल्या शुभवर्तमानात लिहितो; म्हणजे घोटभर चवीपुरता चमत्कार तो नव्हता. १०४ वे स्तोत्र मानवाचे अंतःकरण आनंदित करणाऱ्या द्राक्षारसाबद्दल देवाची स्तुती करते. प्रेषित पौल आपला शिष्य तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. आता अशा धर्मातल्या मामाने, नाताळच्या दुपारी स्वतः अर्धा पेला वाइन घेऊन, भाच्याला गांजाविषयी उपदेश करावा, हे दृश्य मलाच जरा विनोदी वाटले.

या गाठीचे एक टोक तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास या ख्रिस्ती तत्त्वज्ञांच्या हाती लागले होते. गांजाविषयी त्यांनी काही लिहिलेले नाही. मद्यपानाविषयी मात्र लिहिले आहे आणि तिथे त्यांनी तीन प्रकारची माणसे वेगळी केली आहेत. एकाला आपण जास्त पीत आहोत याची कल्पनाच नाही. दुसऱ्याला जास्त होते आहे हे कळते, पण ते पेय इतके चढणारे आहे हे ठाऊक नाही. तिसऱ्याला सर्व ठाऊक आहे आणि तरीही पिणे थांबवण्यापेक्षा नशा पत्करणे त्याला बरे वाटते. गंभीर पाप तिसऱ्याचे, कारण ज्या विवेकाच्या जोरावर माणूस सदाचरण करतो आणि पाप टाळतो, तो विवेकच त्याने समजून-उमजून गमावला. म्हणजे अक्विनास पेल्यातील पदार्थाकडे बघत नाहीत. पेला उचलणाऱ्याच्या मनाकडे बघतात. द्राक्षारस स्वतः निर्दोष आहे, हे त्यांनी त्याआधीच सांगून ठेवले आहे.

इथे भाच्याने आपला सर्वांत भक्कम मुद्दा काढला. "मग मामा, मी दोनच झुरके घेतले, शुद्ध हरपली नाही, चार चौघांत हसलो-बोललो आणि झोपलो, तर तुमच्या अर्ध्या पेल्यात आणि त्यात फरक काय?" कॅथोलिक नीतिशास्त्राचे अभ्यासकही या मुद्द्यावर आपसांत वाद घालतात, आणि थोड्या प्रमाणाला तितकाच गंभीर दोष लागतो का, यावर त्यांच्यात एकमत आहे असे मी म्हणणार नाही. त्याला उत्तर देण्याऐवजी मी त्याला १९९१ सालची एक गोष्ट सांगितली. ती मी याआधी एका धर्मगुरूंखेरीज कोणालाही सांगितली नव्हती.

त्या वर्षी नाशिकला सिंहस्थ भरला होता. मी तेवीस वर्षांचा होतो, प्रेसमध्ये नुकताच चिकटलो होतो, आणि आम्ही तिघे मित्र सुटीच्या दिवशी सिटी बसने पंचवटीत उतरून तपोवनातील साधुग्राम पाहायला गेलो. तिघांपैकी मी एकटा ख्रिस्ती. एका राहुटीसमोर धुनी पेटलेली होती. एक म्हातारे साधू तळहातावर गांजा मळत होते, बिया आणि काड्या नखाने वेगळ्या करत होते, आणि ते काम ते इतक्या सावकाश करत होते की माझ्या आजीची तांदूळ निवडण्याची लय मला आठवली. त्यांनी चिलीम भरली, बुडाशी ओल्या फडक्याची छापी गुंडाळली, शंकराचे नाव घेतले आणि ओढून झाल्यावर ती पुढे सरकवली. ती चिलीम त्यांच्यासाठी काय होती हे सांगण्याचा अधिकार मला नाही. त्यांची साधना, त्यांचा संप्रदाय आणि त्यांचे देव यांच्याशी ती जोडलेली होती. माझ्यासाठी मात्र ती निव्वळ गंमत होती. मित्राने ओढली म्हणून मी ओढली. एकदा ठसका लागला म्हणून हसे झाले, आणि हसे झाले म्हणून आणखी दोनदा ओढली.

परतताना सारे सुंदर होते. हे मी भाच्यापासून लपवले नाही, कारण खोटे सांगितले असते तर त्याने ओळखले असते. गोदावरीच्या पुलावरचा वारा मला स्वतंत्रपणे जाणवत होता, बसच्या खिडकीची काच वाजत होती आणि तिच्यात मला ताल ऐकू येत होता. नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये पोहोचलो तेव्हा वडिलांना दम्याचा त्रास सुरू झाला होता. गोळ्या संपल्या होत्या. आईने डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या शर्टच्या खिशात घातली आणि सायकल काढायला सांगितले.

बिटको चौकाजवळच्या मेडिकलमध्ये मी काउंटरशी उभा राहिलो आणि मला औषधाचे नाव आठवेना. डेरिफिलीन. वर्षानुवर्षे आमच्या घरात असलेले नाव. दुकानदार माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्या मागच्या कपाटातील बाटल्यांची झाकणे बघत होतो, त्यांचे रंग एकाआड एक लावले आहेत की काय हे मोजत होतो, आणि मोजता मोजता आपण का मोजत आहोत हे विसरत होतो. चिठ्ठी खिशात आहे हे मला सुचलेच नाही. शेवटी त्यांनीच काउंटरवरून हात लांबवून माझ्या खिशातून डोकावणारा कागद काढून घेतला, वाचला आणि गोळ्या बांधून दिल्या. मी घरी गेलो. वडिलांनी गोळी घेतली आणि तासाभराने त्यांना बरे वाटले.

म्हणजे काहीही वाईट घडले नाही. कोणी मेले नाही, मी बेशुद्ध पडलो नाही, शिवी दिली नाही, पोलिसांनी पकडले नाही. अक्विनासांच्या काटेकोर मोजमापाने माझा विवेक पुरता हरपलाही नसेल. पण वडील श्वासासाठी झगडत असताना त्यांच्या मुलाजवळ झाकणांचे रंग मोजण्यापुरतेच मन शिल्लक होते. आणि आणखी एक गोष्ट, जी मला तेव्हापासून आजतागायत बोचते: मला त्याचे वाईटही वाटत नव्हते. वाईट वाटण्यासाठी जे जागे असावे लागते, तेच झोपलेले होते.

दोन आठवड्यांनी मी पापनिवेदनाला गेलो. आमचे फादर तेव्हाच वृद्ध होते. मी गुडघे टेकून सांगितले की मी गांजा ओढला. किती ओढलास, कोणाबरोबर ओढलास, पुन्हा ओढशील का, असे ते विचारतील म्हणून मी उत्तरे जुळवून ठेवली होती. त्यांनी विचारले, "कशासाठी?" मी म्हणालो, "मजा म्हणून." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "कसली मजा, ते शोध." प्रायश्चित्त म्हणून त्यांनी जपमाळेचे एक दशक, म्हणजे दहा मण्यांची प्रार्थना, दिले.

ते शोधायला मला बरीच वर्षे लागली आणि भाच्याला मी जे सांगितले ते त्या शोधातून आलेले आहे. नाताळच्या दुपारचा माझा अर्धा पेला मी जेवणाबरोबर, बहिणीच्या हातच्या मटणाबरोबर आणि समोर बसलेल्या माणसांबरोबर घेतो. त्यातील मद्याचा अंश काढून टाकला तर त्याची लज्जत कमी होईल हे खरे, पण चव, जेवण आणि संगत उरेल. गांजाच्या बाबतीत हा प्रयोग करून पाहा. त्यातील डोक्यात जाणारा अंश काढून टाकला तर घसा खवखवणारा धूर उरतो, आणि त्या धुरासाठी शुक्रवारी रात्री कोणी रूमवर जमणार नाही. तिथे मनाची अवस्था बदलणे हा वापराचा सोबती नसून तोच वापराचा हेतू आहे. धर्मशिक्षणग्रंथ मद्याच्या बाबतीत अतिरेक आणि अमली पदार्थांच्या बाबतीत वापर असा भेद करतो, त्याचे कारण मला इथे सापडते. हे स्पष्टीकरण माझे आहे, ग्रंथाचे नाही. ग्रंथ हानीवर भर देतो.

भाचा म्हणाला, "चहाही आपण डोके ठिकाणावर यावे म्हणून पितो." हो, आणि "ठिकाणावर" हा शब्द त्याने स्वतःच वापरला. चहा मला माझ्या कामाकडे परत आणतो. मला मेडिकलच्या काउंटरवर जे झाले ते उलट दिशेचे होते.

पण माझा भेद सगळीकडे स्वच्छ बसतो असे मी म्हणत नाही. दिवसभराच्या शिणानंतर एकटाच बसून, चवीशी काही देणेघेणे नसताना, फक्त डोके बधिर व्हावे म्हणून व्हिस्की ओतणारा माणूस आणि गांजा ओढणारा माझ्या भाच्याचा रूममेट यांच्यात मला नैतिक अंतर दिसत नाही. आणि असे ओतणारे आमच्या समाजात किती आहेत, याविषयी आम्ही गप्प असतो. गांजा ओढणारा मुलगा सापडला की घरात आकाश कोसळते, आणि लग्नाच्या वरातीत झिंगून रस्त्यावर लोळलेला काका "जरा जास्त झाली" एवढ्यावर सुटतो. दुसऱ्या दिवशी तोच काका रविवारच्या मिस्सात ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी रांगेत उभा असतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, मागील वर्षभरात गांजा, चरस किंवा भांग घेतलेल्यांचे प्रमाण २.८ टक्के होते आणि मद्य घेणाऱ्यांचे १४.६ टक्के. आपली घरे कशाने अधिक मोडतात, हे सांगायला या आकड्यांचीही गरज नाही. आमच्या धर्मग्रामातील कोणत्याही विधवेला विचारावे. आम्ही जर अक्विनासांचा तिसरा माणूस काकामध्ये ओळखत नसू, तर भाच्यामध्ये तो दाखवण्याचा आम्हाला तोंडभर अधिकार उरत नाही. तरीही दाखवावा लागतोच, कारण काकाच्या चुकीने भाच्याची चूक बरोबर होत नाही.

आरोग्याची बाजू मी भाच्याला थोडक्यातच सांगितली, कारण ती त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. तरी एका गोष्टीने तो थबकला. त्याने कुठेतरी वाचले होते की इंग्रज सरकारने १८९३-९४ मध्ये नेमलेल्या भारतीय भांग-गांजा आयोगाने माफक सेवनाने विशेष अपाय होत नाही असा निष्कर्ष काढला होता, आणि ते खरेच आहे. पण त्या आयोगापुढचा प्रश्न बंदी घालावी की कर वसूल करावा हा होता, आणि त्यांनी तपासलेला गांजा आज टोरांटोच्या दुकानात मिळतो तो नव्हे. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजातील टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याचे प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते. अलीकडच्या वर्षांत ते १५ टक्क्यांच्या आसपास पोहोचले आहे. गोळ्या-बिस्किटांच्या रूपात खाल्ला तर परिणाम दिसायला अर्धा तास ते दोन तास लागतात, आणि "काहीच होत नाही" म्हणून लोक आणखी खातात. पेला अर्धा भरला की पुरा, हे डोळ्यांना दिसते. इथे माप हाताशी राहत नाही. पंचविशीपर्यंत मेंदूची घडण चालू असते आणि किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांमध्ये व्यसन जडण्याचा व मनोविकाराचा धोका अधिक असतो. अक्विनासांचा दुसरा माणूस, ज्याला पेयाचा जोर ठाऊक नव्हता, तो आजच्या तरुणाच्या रूपात उरलेला नाही. जोर किती आहे हे पाकिटावर छापलेले असते.

औषधाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती ग्रंथानेच वेगळी ठेवली आहे. आयुर्वेदात विजया या नावाने ही वनस्पती औषधात वापरली जाते आणि वैद्याच्या देखरेखीखाली ती घेणाऱ्या कॅथोलिक रुग्णाने मनाला लावून घेण्याचे काही कारण नाही. मरणासन्न माणसाच्या वेदना शमवण्यासाठी, त्याने आयुष्य थोडे कमी होण्याचा धोका असला तरी, औषधे देण्यास ख्रिस्तसभा परवानगी देते. आमच्या वर्गातील एका मुलीने एकदा विचारले होते की क्रुसावर खिळण्याआधी येशूला बोळ (एक कडू डिंक) मिसळलेला द्राक्षारस देऊ केला तेव्हा त्याने तो का घेतला नाही, आणि मग आपण भुलीचे इंजेक्शन का घ्यावे. मी तिला सांगितले की त्याने तो नाकारला हे मार्क लिहितो, पण आपण नाकारलाच पाहिजे असे तो लिहित नाही. येशूने दुसऱ्यांच्या वेदना जिथे दिसल्या तिथे दूर केल्या.

आणि ज्याला सवय लागून गेली आहे त्याचे काय? धर्मशिक्षणग्रंथाप्रमाणे महापाप ठरण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: विषय गंभीर असणे, पूर्ण जाणीव असणे आणि मनापासून संमती असणे. व्यसनाने संमती पोखरली जाते, आणि सवय व भीती यांनी दोषाचा भार कमी होतो, हेही तोच ग्रंथ सांगतो. म्हणून कृती चुकीची आहे असे ठामपणे म्हणता येते, पण समोरचा माणूस देवापासून तुटला आहे असे म्हणण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. अशा मुलाला पापनिवेदनाला नेण्याआधी किंवा नेल्यानंतर, डॉक्टरांकडेही न्यावे. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यातून संरक्षण देण्याची तरतूद आपल्या कायद्यातही आहे, आणि ती कित्येक पालकांना माहीतच नसते; बदनामीच्या भीतीने ते मुलाला गावाकडे धाडून देतात, आणि गावात काय कमी मिळते?

शेजाऱ्यांच्या भांगेविषयीही भाच्याने विचारले, कारण आमच्या शेजारचे काका महाशिवरात्रीला दरवर्षी थंडाई पाठवतात. मी त्याला सांगितले की ते दोन तांबे पाठवतात, एक भांगेचा आणि एक साधा, आणि साध्या तांब्याला त्यांनी गेली कित्येक वर्षे न सांगता दोरा बांधून ठेवलेला असतो.

असे आम्ही दोन-तीन दिवस अधूनमधून बोलत राहिलो. माझे उत्तर त्याला स्पष्ट कळले: करमणुकीसाठी गांजा ओढणे कॅथोलिक माणसाला चालत नाही, टोरांटोत नाही आणि नाशिकमध्ये नाही, आणि ते झाडामुळे नव्हे. त्याला ते पटले की नाही, हे मी विचारले नाही. फादरांनीही मला तेव्हा विचारले नव्हते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याला मुंबईच्या विमानतळावर सोडायला आम्ही पहाटे निघालो. कसारा घाटात धुके होते आणि गाडी हळू चालली होती. बराच वेळ तो झोपला आहे असे मला वाटत होते. मग अचानक म्हणाला, "मामा, आजोबांना कळले होते का?"

मी म्हणालो, "नाही. इतका वेळ का लागला म्हणून त्यांनी विचारले होते. मी म्हणालो, मेडिकलमध्ये गर्दी होती."

"आणि नव्हती?"

"दुकानात मी एकटा होतो."

तो हसला. मी हसलो नाही, कारण त्या क्षणी माझ्या ध्यानात आले की वृद्ध फादरांपुढे गुडघे टेकून मी गांजा सांगितला होता, मित्र सांगितले होते, मजा सांगितली होती. दम लागलेल्या बापाला मारलेली ती थाप मात्र सांगायची राहून गेली होती.